कलम सात : किल्ली जमा

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९ वाजून ४७ मिनिटे.

लाँड्रीच्या व्हॅनने माझ्या गाडीला धडक दिली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे कोर्टात लागेल.

मी फाटकातून गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढत होते. व्हॅन समोरच्या घरापाशी उभी होती. नुसती उभी. हॉर्न नाही, हालचाल नाही. इतकं बेसावध उभं राहावं? माझा मागचा दिवा फुटला. ड्रायव्हर धुतलेल्या चादरींचं गाठोडं खांद्यावर घेऊन धावत आला आणि म्हणाला, आजी, लागलं नाही ना? आजी! मी अडुसष्ट वर्षांची आहे.

हे खिडकीत उभे होते. साक्ष द्याल का म्हणून विचारलं. म्हणाले, देईन, पण कोणाच्या बाजूने ते आत्ताच विचारू नकोस. चाळीस वर्षांचा संसार आणि ही निष्ठा.

त्याच दिवशी, दुपारी.

व्हॅनवर लिहिलंय, 'आमचे ड्रायव्हर कसे चालवतात? जरूर कळवा.' कळवलं. बावीस मिनिटं कळवलं. मालकाला विचारलं, या माणसाचं लायसन्स शेवटचं कधी पाहिलंत? म्हणाला, नोकरीला लागला तेव्हा. कधी लागला? अकरा वर्षांपूर्वी. अहाहा! मधल्या काळात दंड झाले असतील, लायसन्स गेलं असेल, डोळे गेले असतील. मुलगी बघायला गेलात तेव्हा बघितलीत, त्यानंतर तोंडच बघितलं नाही, असा कारभार. मालक म्हणाला, हे मात्र खरं बोललात काकू.

एकतीस वर्षं परीक्षा विभागात काढली आहेत. चोर कुठे दबतो ते मला कळतं.

५ मार्च, गुरुवार.

लाँड्रीला सविस्तर पत्र. चार पानं. पाकीट शोधताना खालच्या ड्रॉवरमध्ये वाहतूक खात्याची पाकिटं निघाली. तीन की चार. न उघडलेली. जाहिरातबाजीवर हे लोक किती कागद घालवतात! परत कोंबली. ड्रॉवर नीट लागत नाही. सुताराला बोलवायचं.

९ मार्च, सोमवार.

पाचवा फोन. मालक म्हणाला, मग तुम्हीच येऊन नियम करून द्या ना काकू. त्याच्या आवाजात केवढा जिव्हाळा होता! मी तत्काळ होकार दिला. पद : मानद सल्लागार, वाहन आणि शिस्त. ह्यांना सांगितलं. हे 'लोकां सांगे' एवढंच म्हणाले आणि पेपर वर धरला.

१० मार्च, मंगळवार.

एका बैठकीत नियम लिहून काढले. दर सहा महिन्यांनी लायसन्स तपासायचं. मूळ लायसन्स, झेरॉक्स नाही. दंड झाला तर तीन दिवसांत मालकाला सांगायचा. सांगणाऱ्याला हाकलायचं नाही, समजावायचं. लपवणाऱ्याला क्षमा नाही. मुदत संपली असेल तर एक दिवससुद्धा चाक फिरवायचं नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, चूक माफ होते, लपवाछपवी नाही. किती खरं!

कलम सात लिहिताना तर अंगावर काटा आला. 'लाँड्रीच्या कामासाठी जो कोणी गाडी चालवील, मग गाडी कोणाचीही असो, माणूस पगारी असो वा मानद, त्याला सर्व नियम लागू. चौकशी संपेपर्यंत किल्ली जमा.' 'मानद' हा शब्द मालकाच्या मेहुण्यासाठी घातला. फुकट मदत करतो म्हणत रविवारी व्हॅन घेऊन भटकतो. आता कसा सुटेल?

१२ मार्च, गुरुवार.

तपासणी. पाच ड्रायव्हर वॉशिंग मशिनांच्या समोर ओळीने उभे. माझा आरोपी शेवटी. लायसन्स प्लॅस्टिकच्या पाकिटात, मुदत चालू. तीन वर्षांपूर्वीचा एक दंड, भरलेला. त्याच दिवशी मालकाला सांगितलेला. इतके स्वच्छ कागद? मला संशय आला. कलम सात लावून किल्ली जमा करून घेतली आणि ऑफिसातल्या खिळ्याला टांगली.

तो म्हणाला, आजी, व्हॅन नसली की मला इस्त्रीवर बसवतात, आणि त्या वाफेने मला दम लागतो. किती दिवस चालेल चौकशी? मी म्हटलं, न्यायाला वेळ लागतो. घरी आल्यावर उगाचच सगळ्या खिडक्या उघडल्या.

१६ मार्च, सोमवार.

लाँड्रीच्या दोन्ही शाखांना माझ्या गाडीने धावती भेट. तो इस्त्रीच्या टेबलाशी खोकत होता. मालकाला म्हटलं, त्याच्याजवळ पंखा लावा, माणुसकी सोडू नये. मालक म्हणाला, व्हॅन परत दिली तर पंखा लागणार नाही. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

तरी येताना खोकल्याच्या गोळ्या देऊन आले. त्याने थँक्यू आजी म्हटलं. दुर्लक्ष केलं.

१८ मार्च, बुधवार.

ऑफिसात एक चष्मेवाली मुलगी आहे. रजिस्टर घेऊन आली. म्हणाली, मॅडम, सगळ्यांची तपासणी झाली, मेहुण्यांचीसुद्धा. एकच ओळ रिकामी आहे. कोणाची? तर म्हणाली, तुमची. तुम्ही मानद आहात आणि शाखांना स्वतःच्या गाडीने जाता. कलम सात.

मी हसले. ती हसली नाही. नम्र मुलींपासून सावध राहावं.

१९ मार्च, गुरुवार. सकाळी.

लायसन्स सापडलं. कपाटात, साड्यांच्या खाली. फोटो छान आहे. मुदत दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवशी संपलेली दिसते. छपाईची चूक असणार. हे म्हणाले, तेव्हाच सांगितलं होतं, पण तू म्हणालीस खातं कळवेल. खात्याने कळवायला नको का?

त्यावर ह्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. पाकिटं चार. एक मुदत संपल्याचं पत्र. तीन वेगाचे दंड, तिन्ही लायब्ररीच्या वळणावरचे. त्या कॅमेऱ्याचं माझ्याशी काहीतरी वैयक्तिक असावं.

२० मार्च, शुक्रवार.

मालकाला जाऊन सगळं सांगितलं. तीन दिवसांच्या आत! स्वतःचे नियम इतक्या काटेकोरपणे कोण पाळतं? रिक्षाने गेले.

चष्मेवालीने धडकेच्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. व्हॅनच्या पुढच्या काचेवर कॅमेरा असतो म्हणे. आधी सांगायची पद्धत नाही. पडद्यावर रस्ता स्वस्थ आणि त्यात माझी गाडी पाठमोरी, बरीच मोठी होत होत येते. मग धक्का. मग माझा आवाज, आंधळा आहेस का? हे म्हटल्याचं मला आठवत नाही. ऑफिसात सगळे छताकडे बघत होते.

ड्रायव्हरने त्याच दिवशी दिलेली चिठ्ठीही फाइलमध्ये होती. 'व्हॅन उभी असताना पुढून धक्का. बाई वयस्कर आहेत, घाबरल्या असतील. प्रकरण वाढवू नये.' मी पेन्सिल काढून 'वयस्कर' शब्दावर रेघ मारली. त्या जागी काय लिहावं ते मात्र सुचेना.

खिळ्यावरची किल्ली मीच काढून त्याला नेऊन दिली. त्याने इस्त्री बंद केली, हात शर्टाला पुसले, किल्ली घेतली. खोकला तेवढा. मग माझी किल्ली त्याच खिळ्याला टांगली. मालक म्हणाला, काकू, नियम झकास झालेत, आम्ही कायम ठेवणार. मी म्हटलं, अर्थातच.

३० मार्च, सोमवार. दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

लायसन्सची टेस्ट. ह्यांनी डोळ्यांमुळे गाडी सोडली आहे, आणि बस तीनदा बदलावी लागते. मालकाने व्हॅन पाठवली. ड्रायव्हर तोच. वाटेत मी त्याला अकरा सूचना केल्या. तो अकराही वेळा हो आजी म्हणाला आणि स्वतःला हवं तसंच चालवत राहिला. हळू चालवतो. सगळ्यांना पुढे जाऊ देतो. खोकला थांबलेला दिसतो.

सरळ रस्ता उत्तम. मग रिव्हर्स. खांब पडला. इन्स्पेक्टर म्हणाला, महिन्याने या. वास्तविक तो खांब नुसता उभा होता. हॉर्न नाही, हालचाल नाही.

व्हॅनमध्ये बसून इन्स्पेक्टरला द्यायचं पत्र लिहिलं. इथे नक्कल ठेवते. 'सदर खांब नेमका त्याच जागी कोणाच्या परवानगीने उभा केला, याचा लेखी खुलासा शुक्रवार, १० एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळावा. मुदत उलटल्यास पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल. उत्तर लाँड्रीच्या ड्रायव्हरजवळ द्यावे. आजच देणार असाल तर मी बाहेर व्हॅनमध्ये बसलेली आहे.'