सिंगापूरची हार

सिंगापूर, १९७३

सिंधूआक्कास सर्जेरावचा जयभीम.

मी बरा हाय, जेवण भरपूर हाय. आई अजून दुष्काळी कामावर खडी फोडती का?

काल देशाकडून वॉटरपोलो खेळलो. पार धुव्वा उडाला. आमच्या संघाचे साहेब म्हणाले, "गेल्या तिन्ही दौऱ्यांत असंच झालंय, मनाला लावून घेऊ नको." मला लई लागलं.

निघताना सोसायटीच्या चेअरमनचं पत्र आलतं, 'गावाचं नाव काढलंस, सत्कार करू.' त्यांच्याच विहिरीत लपून पोहायला शिकलो, तवा याच माणसानं मला काठीनं बडवलं. मी उलट लिवलं, 'आदी आमच्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू द्या, मग हार घाला.'

उत्तर आलं न्हाई. आक्का, या रागापायी विहिरीवरनं लांबून ओतत्यात ते उरलंसुरलं पाणीबी तोडलं का? खरं लिव.

तुझा धाकटा,
सर्जेराव