मिठागरातली लवाहिज

क्लिओपात्रा, अलेक्झांड्रिया
१९ मे २०२३

प्रिय मुन्तसिर,

अनेक आशीर्वाद. सूनबाईला आणि जुमानाला माझे मुके. कुवेतमध्ये उकाडा सुरू झाला असेल, पाणी पीत जा. इथे समुद्र शांत आहे, लिफ्ट पुन्हा बंद आहे, आणि माझं ब्लडप्रेशर तुझ्यापेक्षा बरं आहे असं वरच्या मजल्यावरची मार्सेल म्हणते. ती दातांची डॉक्टर होती हे खरं, पण मोजायचं यंत्र तिच्याकडेच आहे.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हो रे, हो रे' करते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तू म्हणालास, लोक पुन्हा त्या सिनेमाचं नाव काढतायत, मोठ्या ईदला येतो आणि माळ्यावरचे त्याच्या रिळांचे डबे नेऊन नष्ट करतो. ईदला जरूर ये. तुझ्या आवडीचा फत्ता करीन, लसूण-व्हिनेगरची फोडणी देऊन. पण डब्यांसाठी शिडी चढायला नको, तुझी कंबर दुखते.

आधी मार्सेलचं सांगते. नवरा गेल्यापासून तिला एकच वेड लागलंय, जुने सिनेमे. दवाखान्यात दातांचे साचे असायचे त्या फळ्यांवर आता डिस्क रचल्यात. परदेशातली एक कंपनी विसरलेले सिनेमे शोधते, धुऊनपुसून डिस्कवर काढते. पुढचा कोणता, ते आधी सांगत नाही. मग हे सगळे वेडे इंटरनेटवरच्या एका अड्ड्यावर जमतात आणि वर्षभर अंदाज बांधतात, नवस बोलल्यासारखी मागणी करतात, भांडतात. कासाब्लांकाचा इद्रीस, बैरूतची एक शिक्षिका, ट्यूनिसचे दोन सख्खे भाऊ, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मार्सेल मोठ्यानं वाचायची, मी भेंडी निवडत ऐकायची. छान करमणूक होती.

एका संध्याकाळी तिनं वाचलं, 'मिठाचं घर'. म्हणाली, हा दरवर्षी कुणीतरी मागतंच. माझा हात भेंडीवर तसाच राहिला. इतकी वर्षं शेजारी राहून मार्सेलला काही ठाऊक नव्हतं. तुझ्या बाबांची तशी अटच होती.

खाली इद्रीसनं लिहिलं होतं, उगाच आस धरू नका, निगेटिव्ह नष्ट झाली आणि नायिका लवाहिज केव्हाच वारली. डोळे सुंदर होते, अल्ला तिच्यावर दया करो. अभिनय मात्र यायचा नाही.

लवाहिज हे माझं पडद्यावरचं नाव, तिचं मरण मी सोसलं असतं रे. पण अभिनय यायचा नाही?

मी मार्सेलला म्हटलं, लिही त्याला. ती मेलेली नाही. आज सकाळीच बाजारात बोई माशाच्या भावावरून भांडून आलीय.

मार्सेलनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इन्शिराह, हे तुला कसं माहीत?"

"कारण भांडले मी."

तिनं उठून कॉफी टाकली, साखर जास्त घातली. आमच्यात तो विषय तिथेच मिटला. अड्ड्यावरच्यांनी मात्र खूण मागितली. मी सांगितलं, मेक्सच्या मिठागरातून नायिका चालत जाते तेव्हा तिच्या पायांवरचं रक्त रंगाचं नाही. मला चपला दिल्या होत्या, मीच काढून टाकल्या. चपला घालून मीठ ओढणारी मजूर बाई मी तरी पाहिलेली नव्हती. त्यावर कैरोच्या एका वृद्ध सभासदानं लिहिलं, मी हा प्रसंग थिएटरात पाहिलाय, ते पाय अजून डोळ्यांपुढे आहेत. इद्रीसनं माफी मागितली. म्हणाला, खाला, चुकलो. पण अभिनयाचं सिनेमा पाहिल्यावर बोलू. मला तो पोरगा आवडला. त्यानंच कंपनीला कळवलं.

आता ऐक. डबे माळ्यावर नाहीत. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात ते कंपनीमार्फत साफ व्हायला इटलीला गेले. कागदावर सही मी केली.

बाबांनी बुडालेल्या निर्मात्याकडून तो सिनेमा विकत घेऊन माझ्या नावावर केला होता, लग्नाची भेट म्हणून. म्हणाले, आता हा तुझा, म्हणजे कुणाला दिसायला नको. ते प्रेम होतं की भीती, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. माणूस चांगला होता. पण नाव माझं आहे. मी वकिलाला विचारलंय, तू तसदी घेऊ नकोस.

तुझा फाटलेला शर्ट मी विसरलेले नाही. कुणीतरी वर्गात जुन्या मासिकातला माझा फोटो आणला होता, समुद्रातून ओली बाहेर येतानाचा. तू तिघांशी मारामारी केलीस आणि घरी येऊन मला कारण सांगितलं नाहीस. मी शर्ट शिवला आणि विचारलं नाही. त्या पोरांनी तुला त्रास दिला याचं मला आजही वाईट वाटतं. त्या फोटोचं वाटत नाही. एकवीस वर्षांची मुलगी होते, कामावर होते.

कंपनीची माणसं आली, मार्सेलच्या दिवाणखान्यात दिवे लावले, मी तासभर बोलले. मग नव्या वर्षाला कंपनीनं नेहमीसारखं कोड्याचं चित्र काढलं: पांढरा ढीग आणि त्यावर काळी ओढणी. अड्ड्यावर दंगल उडाली. कोण म्हणे बर्फ, म्हणजे रशियन सिनेमा. कोण म्हणे साखर. ट्यूनिसच्या भावांपैकी एकानं कापसावर पैज लावली, म्हणून दुसऱ्यानं पिठावर. मला सगळं ठाऊक आणि तोंडात मिठाची गुळणी! इतकी मजा मला बाबा गेल्यापासून आली नव्हती.

मार्चमध्ये साफ केलेला सिनेमा आधी मला पाठवला. तुला हे माहीत नसेल: मी तो कधी पाहिलाच नव्हता. थिएटरात लागला त्या आठवड्यात आमचा निकाह होता, आणि मग तो उतरला. मार्सेलनं पडदे ओढले. पहिला अर्धा तास मी नुसते दोष काढत होते, मान अशी का, आवाज एवढा बारीक का. मग ती मिठावरून चालायला लागली आणि मी गप्प झाले. ती मी आहे हेच विसरले. दिवे लागल्यावर मार्सेल नाक पुसत होती.

मुन्तसिर, मी चांगलं काम केलं होतं. पन्नास वर्षं मला कुणी सांगितलं नाही आणि मला स्वतःला बघता आलं नाही. हे मी आता कुणासाठीही परत माळ्यावर टाकणार नाही. डिस्क शरद ऋतूत येईल.

तू फोनवर म्हणालास, "आई, तो सिनेमा की नात, ठरव." होणाऱ्या व्याह्यांना कळलं तर जुमानाचं ठरलेलं लग्न मोडेल म्हणालास. म्हणून काल मी जुमानालाच फोन करून सगळं सांगितलं. तू चिडशील म्हणाली, आणि होणाऱ्या नवऱ्याला तीच सांगणार आहे, कुणाच्या तोंडून नको. ती रडली का, ते मला फोनवर कळलं नाही. मोडलं तर मोडलं असं मी म्हणणार नाही, तिची आजी आहे मी. पण ज्या घरात माझं नाव चोरून ठेवावं लागेल, त्या घरात तिला आणखी काय काय लपवावं लागेल याचाही विचार कर. मी ते एका जन्मात पुरेसं केलंय.

आणि ठरवायचं म्हणशील तर मी दोन्ही घेतले.

जुलैत साखरपुड्याला मी कैरोला येणार आहे. गाडीचं तिकीट काढलंय, निळा पोशाख शिवायला टाकलाय. तू माझ्यासाठी खुर्ची ठेवली नसलीस तर उभी राहीन. ही बाई कोण, असं व्याह्यांनी विचारलं तर उत्तर तू द्यावंस अशी माझी इच्छा आहे. तू नाही दिलंस तर मी देईन, आणि माझा आवाज आता बारीक राहिलेला नाही.

तुझी आई,
इन्शिराह