परत येण्याचं कारण

सोलापूर,
३ ऑगस्ट १९७३

प्रिय यज्ञेश्वर,

अक्कलकोटहून आलेलं तुझं कार्ड काल मिळालं. मायाक्काची तब्येत चांगली आहे आणि बाळ दिवसभर झोपतं, हे वाचून बरं वाटलं. भाच्याचं नाक मामावर गेलंय असं तू इतक्या कौतुकानं लिहिलंयस की मला त्या बाळाची थोडी काळजीच वाटली. आता माझी बातमी आधी सांगून टाकते, नाहीतर तू मधल्या ओळी गाळून थेट खाली जाशील. मंगळवारी मुंबईत अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का मिळाला. माझी गाडी सतरा तारखेची. एवढं कळलं ना? मग आता बाकीचं सावकाश वाच, कारण खरं सांगायचं ते बाकीच्यातच आहे.

फेब्रुवारीत मी सात रस्त्यावरच्या तुझ्या टायपिंग क्लासचा जिना पहिल्यांदा चढले, तेव्हा तू मला ओळखशील असं वाटलं नव्हतं. इंटरला आपण एका वर्गात होतो खरे, पण मुलींचा बाक पुढे आणि तुमचा मागे. त्यात वडील गेल्यावर तू कॉलेज सोडून क्लास चालवायला घेतलास. मी विद्यापीठाचं पत्र पुढे ठेवलं, तसं तू ते दोनदा वाचलंस आणि म्हणालास, “कॅन्ससमध्येही ज्वारी होते, हे मला ठाऊक नव्हतं.” मग एक कोरा कागद घेऊन काय काय लागणार त्याची यादी केलीस आणि भिंतीवर टाचून ठेवलीस. विद्यापीठाचा आय-ट्वेंटी फॉर्म, शिष्यवृत्तीचं पत्र, पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, देवी आणि कॉलऱ्याच्या लशीचं पिवळं पुस्तक. एकेक गोष्ट मिळाली की तू तिच्यावर तांबडी रेघ मारायचास. निम्म्या रेघा होईपर्यंत आपण एकमेकांना अहो-जाहो करत होतो. ते कधी सुटलं, आठवतंय तुला? मला आठवतंय. माझ्या शाळेच्या दाखल्यावर प्रेमला आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर प्रमिला निघालं त्या दिवशी. दोन्ही बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र तू टाईप केलंस आणि मान वर न करता विचारलंस, “ही प्रमिला स्वभावानं कशी आहे? कारण प्रेमला, तू फार घाई करतेस.” त्यानंतर मला ‘तुम्ही’ म्हणता येईना.

मंद्रूपची गंमत तुला अर्धीच सांगितली होती. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आमच्या गावात आला, तेव्हा घरी फक्त अक्कम्मा आत्या होती. मुलगी कशी आहे, चालचलणूक कशी, असं त्यानं विचारल्यावर तिला वाटलं, हा मुलाकडचा माणूस. तिनं त्याला खाटेवर बसवलं, चहा केला, वर शेंगाची पोळी दिली आणि म्हणाली, “पोरगी लई गुणाची हाय. सैपाक जरा कच्चा हाय, पर शिकंल की. तुमच्याकडं शेती किती?” हवालदार बिचारा तासभर बसला आणि सही घेऊन गेला. त्यानं अहवालात काय लिहिलं देव जाणे, पण पासपोर्ट महिन्याच्या आत आला. आत्या अजून विचारते, त्या लोकांचा निरोप आला का म्हणून.

जूनमधल्या पहिल्या मुलाखतीचं मात्र मी तुलाही नीट सांगितलं नव्हतं. व्हिसा मिळाला नाही, एवढंच बोलले. वकिलातीतला तो अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं सगळे कागद पाहिले आणि शेवटी एकच विचारलं, शिक्षण संपल्यावर तुम्ही परत का याल? मी आपण घोकलेलं उत्तर दिलं, की माझे इथं घट्ट बंध आहेत. कोणते, त्यानं विचारलं. मंद्रूपची जमीन सांगितली, तर ती भावांच्या नावावर. कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी सांगितली, तर ती हंगामी. लग्न झालंय का? नाही. ठरलंय? नाही. त्यानं पासपोर्ट परत सरकवला आणि सांगितलं, परत येण्याचा पुरावा घेऊन या. येताना गाडीत मला रडू आलं नाही, राग आला. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, ती काणी आमच्या शेतात मी लहानपणापासून बघतेय. तिच्यावर काम करायला मी परत येणार नाही तर कोण येणार? पण हे इंग्रजीत मला ऐन वेळी सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले आणि म्हणाले, जाऊ दे, इथंच राहते, आहे ते बरं आहे. तू माझ्यावर चिडलास तो तेवढा एकच दिवस. “मग काणीवर काम मी करू?” असं म्हणालास आणि सायकल काढून थेट आमच्या प्राचार्यांकडे गेलास. परत आल्यावर जागा माझ्यासाठी राखून ठेवू असं पत्र त्यांच्याकडून मिळवलंस. भावांकडून शेत वापरू देण्याचं संमतिपत्र आणलंस. शेतात काय संशोधन करायचं त्याचं टिपण मला लिहायला लावलंस, इंग्रजी सुधारलंस आणि सगळं पुन्हा टाईप करायला बसलास. मी समोरच्या बाकावर बसून बघत होते. तुझी चूक सहसा होत नाही. पण माझ्या निघण्याची तारीख ज्या पानावर होती, ते पान तू तीनदा यंत्रातून काढून चुरगाळलंस. त्या दिवशी घरी जाताना मी वाट चुकले, आणि तेही सात रस्त्यावर, जिथं मी रोज येते.

मंगळवारी आण्णा माझ्याबरोबर मुंबईला आले होते. शाळामास्तर असूनही माझे वडील मोठ्या कचेरीत बुजतात. ते बाहेर फाटकाशी भाकरीचं गाठोडं धरून उभे राहिले. आत तोच अधिकारी होता. त्यानं तुझी फाईल पानापानानं चाळली आणि विचारलं, हे सगळं कोणी तयार केलं, एकही चूक नाही. मी म्हटलं, सोलापुरातल्या एका टायपिस्टनं. मग त्यानं फाईल मिटली आणि म्हणाला, कागद चांगले आहेत, पण कागदासाठी कोणी परत येत नाही, तुमची वाट बघणारं कोणी आहे का? यज्ञेश्वर, मी टिपणातलं वाक्य सांगायला तोंड उघडलं होतं. पण मी म्हणाले, आहे, ज्यानं हे कागद टाईप केले तो. मी परत आले की त्याच्याशी लग्न करणार आहे. हे मात्र इंग्रजीत एका दमात आलं. अधिकारी हसला आणि त्यानं शिक्का मारला.

परतीच्या गाडीत सकाळी मोहोळ मागे पडलं, तेव्हा आत काय काय झालं ते सगळं मी आण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान तुझ्या घरची चौकशी करतील. त्यांनी शांतपणे पान लावलं आणि विचारलं, “त्याला ठावं हाय का?” मी म्हटलं, नाही. तेव्हा म्हणाले, “म्हंजी तितल्या सरकारला ठावं हाय, आन् ज्याच्याशी लगीन करायचं त्याला न्हाय. आदी त्याला पत्र घाल. त्यो व्हय म्हणाला, तर त्याच्या घरी बोलायला मी जातो.” स्टेशन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघून हसत होते.

म्हणून हे पत्र. तू समोर असतास तर मला हे जमलं नसतं, आणि तू बारसं आटोपून येशील तोवर मी सगळ्यांचा निरोप घ्यायला मंद्रूपला गेलेली असेन. तुझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही. तुझ्या मनात दुसरं काही असेल, तुझ्या आईला दुसरी कोणी पसंत असेल, किंवा त्या तीन चुरगाळलेल्या पानांचा अर्थ मी चुकीचा लावला असेल, तर सरळ तसं लिही. माझ्या जाण्याचं त्यात काही अडणार नाही. परत तर मी येणारच आहे, तू नाही म्हणालास तरी. तीन वर्षं लागतील, फार तर साडेतीन. पण मी त्या माणसाला खोटं सांगितलं नव्हतं. बोलून गेल्यावर माझं मला कळलं की हे खरं आहे. माझ्या बाजूनं तरी खरं आहे. तुझ्या बाजूचं मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय सतरा तारखेला गाडीत बसणं जड जाईल. तेव्हा मंद्रूपच्या पत्त्यावर लगेच दोन ओळी टाक. तीन वर्षांनी सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्याला मी कोणत्या घरचा पत्ता सांगायचा, तेवढंच कळव.

तू म्हणशील तर तुझीच,
प्रेमला