क्लचचं मला सगळं कळतं

६ एप्रिल, सकाळ
तारनाक्याच्या सिग्नलला क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मागचे हॉर्न बडवत होते. अडाणी लेकाचे. भीमजयंतीला आईला आपल्या गाडीतून नांदेडकडे गावी न्यायचंय; तिने अर्ध्या गावाला फोन करून सांगितलंय. आठ दिवस आहेत. भरपूर झाले.

संध्याकाळ
मेकॅनिक यूसुफभाई म्हणतो, सील गया साब, लाइन में हवा घुस गई. बावीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला हा हवा शिकवतो! गाडी ओढून घरी आणली, काम मीच करणार. धाकट्या बहिणीचा नवरा प्रशांत म्हणाला, माझ्या गाडीतून चला. त्याची ऑटोमॅटिक, तिला क्लचच नाही. तिला गाडी म्हणतात?

७ एप्रिल
व्हिडिओ पाहिला. अर्धा पुरला. पेडल दाबलं की वरचा सिलेंडर तेल ढकलतो, तेल नळीतून खालच्या सिलेंडरला ढकलतं, तो फोर्कला, क्लच प्लेट सुटते, गिअर पडतो. नळीत हवा असली की पाय नुसती हवाच दाबतो. एवढ्यासाठी लोक कॉलेजात जातात!

९ एप्रिल
तेल कमी होतं. टाकीच्या झाकणावर 'ब्रेक फ्लुइड' छापलंय. क्लचला ब्रेकचं तेल! छापणाऱ्याची अक्कल. घरातलं इंजिन ऑइल ओतलं. सुमेधा म्हणाली, अहो, लिहिलंय तेच घाला ना. बायको शाळेत शिकवते, छापलेलं सगळं तिला खरं वाटतं.

१२ एप्रिल
हवा काढायला दोघं लागतात. सुमेधा पेडलवर, मी गाडीखाली नट सैल करायला. मी 'दाब' म्हणालो, तिने दाबलं, सगळं तेल माझ्या तोंडावर. म्हणते, तोंड समोर कशाला नेलंत? मग काय कान नेऊ?

१३ एप्रिल
आता ब्रेकही लागेना. यूसुफभाईने झाकण उघडून वास घेतला. क्लच आणि ब्रेकला टाकी एकच असते म्हणे. सगळे रब्बर फूल गए साब, ये कौन डाले? मी म्हटलं, चौकशी चालू आहे. गाडी चार दिवस त्याच्याकडे.

१४ एप्रिल, गावी
प्रशांतच्या गाडीतून आलो. आई पुढे. मी मागे, जेवणाच्या डब्यांशेजारी. गाडी छान चालते. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.
उतरल्या उतरल्या आई सगळ्यांना सांगत सुटली, ही जावयाची गाडी, आमची तिकडेच राहिली, तिच्या क्लचचं सगळं काम माझ्या पोराने स्वतःच्या हाताने केलं.
टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच अभिमान वाटत होता. मी डबे उतरवायला गेलो.