लायपेज की लिपेज

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल. माझा गुडघा ठीक आहे, गॅलरीचं दार अजून नीट लागत नाही. परवा फोन मध्येच ठेवला, आता परत करायला संकोच वाटतो, म्हणून पत्र.

माझं ऑनलाइन ज्ञानकोशाचं काम तुला ठाऊकच आहे. तीस वर्षं कॉलेजात जीवरसायन शिकवलं, आता विकरांवरचे लेख लावते. विकरं म्हणजे शरीरातली कामं भराभर उरकणारी प्रथिनं. एकाच विकराचं नाव चार जण चार तऱ्हेने लिहितात. मग एका नावाखाली लेख ठेवायचा, बाकीची नावं तिकडे वळवायची, आणि ते तोडायचं काम करतं की जोडायचं, त्यावरून त्याचा वर्ग ठरवायचा. चरबी तोडणाऱ्याला 'लायपेज' म्हणायचं, 'लिपेज' नाही, हे आम्ही, हे लेख सांभाळणाऱ्या चौघांनी, महिनाभर भांडून ठरवलं होतं. भांडले मीच जास्त.

बुधवारी सकाळी बघते तर एक्केचाळीस लेखांची नावं बदललेली. लायपेजचं लिपेज, अमायलेजचं अमिलेज. वर्गही इकडचे तिकडे. माझं डोकंच फिरलं. चर्चेच्या पानावर लिहिलं, की हा उपद्व्याप ज्याने केलाय त्याने आधी शाळेचं पुस्तक उघडावं. तासाभराने आमच्या चौघांतल्या ग्रंथपालांचं उत्तर आलं. कधी भेटलेलो नाही, पण फार सभ्य माणूस. त्यांनी एवढंच लिहिलं, "बाई, एकदा बदलांची नोंद बघता का?"

नोंदीत माझं नाव होतं. मंगळवार, दुपारी दोन ते पाच. एक्केचाळीस वेळा.

माझं खातं कुणीतरी वापरलं असणार असं वाटून मी आधी पासवर्ड बदलला. मग टेबलावरची वही उघडली. त्यात एक्केचाळीस नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि खाली माझ्याच अक्षरात, 'असंच ठरलं आहे.'

कुणाशी ठरलं, चिऊ? मला काही म्हणता काही आठवेना. अजून आठवत नाही. मधूनच वाटतं, लिपेजच बरोबर असेल आणि चुकतेय ती आत्ताची मी.

ग्रंथपालांना कळवलं, की घाईत झालं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. आम्ही दोघांनी आपापल्या घरून सगळं पूर्ववत केलं. मी प्रत्येक नाव त्यांना विचारून बदलत होते.

त्याच संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "ताई, हे गॅलरीच्या दाराचं तू मला तिसऱ्यांदा सांगतेयस." मी फोन ठेवला तो रागाने नाही गं. घाबरले होते.

आणि त्या विसरण्याच्या डॉक्टरांचं. 'सगळं ठीक आहे म्हणाले' असं मी तुला सांगितलं, ते खोटं. त्यांची वेळ मंगळवारी दुपारचीच होती. मी गेलेच नाही. मुद्दाम गेले नाही की विसरले, तेही सांगता येत नाही.

आता चोवीस तारखेची, सोमवारची, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. तू आदल्या दिवशी, रविवारीच ये. आणि मी दार उघडून "अशी अचानक का आलीस?" असं विचारलं, तर समजावत बसू नकोस. हे पत्र माझ्या हातात दे.

तुझीच,
ताई