डाव्या हाताचं बोट

कॉल्डरबी,
सोमवार, २ मे १९८८

प्रिय नेव्हिल,

तू, मॉरीन आणि मुली मजेत असाल. आई ठणठणीत आहे. दिवसातून एकदा तुझ्या नावानं कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तमच. माझं अक्षर आज वेडंवाकडं दिसेल, त्याचं कारण पुढे येईलच. आता हवापाण्याचं पुरे. वाचलो, नेव्ह! आपला क्लब लीगमध्ये राहिला!

तिकडे हल शहरातल्या पेपरात चार ओळी आल्या असतील, अडतीस वर्षांच्या गोलरक्षकानं पेनल्टी अडवली म्हणून. चार ओळींत काय कळणार? माझ्याकडून ऐक.

आपल्याला जिंकायलाच हवं होतं, बरोबरीही चालणार नव्हती. विसाव्या मिनिटाला आपण एक गोल मारला आणि पुढे सगळा वेळ चेंडू माझ्याच दारात. मध्यंतरात आपली मंडळी नेहमीसारखी मैदानाला वळसा घालून आपण गोल मारणार त्या टोकाला गेली. माझ्यामागे उरले पाहुण्या संघाचे टगे आणि त्यांच्यात फ्लास्क घेऊन आपली आई.

"ए आजोबा, गुडघे घरी विसरलात का?" एक जण ओरडला.

"तो आजोबा, तर मग मी कोण रे, मेल्या?" आई म्हणाली, आणि त्यालाच चहा ओतून दिला.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी. मागचे टगे नाचायला लागले. मला तुझी शिकवण आठवली, चेंडूकडे बघू नकोस, मारणाऱ्याच्या रोवलेल्या पायाकडे बघ, आणि जो घाई करतो तो हरतो. मी थांबलो. तो धावत आला तरी थांबलो. मग डावीकडे झेपावलो. चेंडू माझ्या बोटांना चाटून खांबावर आदळला आणि बाहेर गेला!

शिट्टी झाली आणि पलीकडची सगळी गर्दी मैदानावर धावत आली. दाढीवाले बाप्ये रडत होते. मॅनेजरसाहेबांनी माझ्या टकलाचा मुका घेतला. मला खांद्यावर घेतलं तेव्हा आई खालून ओरडत होती, "लवकर उतर, मटणाचा हॉटपॉट गार होतोय!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

आता अक्षराचं. मी पडलो डावखुरा, आणि डाव्याच हाताचं करंगळीशेजारचं बोट मोडलंय. शनिवारच्या या सामन्यात नाही, गुरुवारीच, सरावात. शनिवारी सामन्याआधी मी अल्बर्टकडे गेलो. आपले कपडे आणि पाय सांभाळणारा अल्बर्ट सत्तरीतही तिथेच आहे. त्यानं बोट नुसतं चाचपलं.

"मोडलंय."

"साहेबांना सांगू नकोस, अल्बर्ट."

तो हसला. "बहात्तर साली याच बाकावर बसून तुझा भाऊ अगदी हेच म्हणाला होता. मी तेव्हाही सांगितलं नव्हतं." मग दोन बोटं एकत्र बांधत म्हणाला, "कुणी सांगितलं ते मला माहीत होतं. पण तुझ्या भावालाही मी ते सांगितलं नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी सांगितलं, नेव्ह.

बहात्तरच्या त्या सामन्याच्या सकाळी न्याहारीला तू चमचा धरलास तेव्हाच मला दिसलं. "कुणाला बोलू नकोस," एवढंच म्हणालास. अकरा वाजता मी मॅनेजरच्या खोलीत होतो. संघाच्या भल्यासाठी, असं म्हणालो. बावीस वर्षांचा होतो आणि दोन वर्षं तुझा राखीव म्हणून कुजत होतो. एक वाजता फळ्यावर माझं नाव लागलं. आपण वरच्या विभागात गेलो, मला खांद्यावर घेतलं, आणि तू ओव्हरकोट घालून टाळ्या वाजवत होतास. उन्हाळ्यात त्यांनी तुला नारळ दिला.

तुला वाटलं, अल्बर्टनं चुगली केली. बाबांच्या अंत्यविधीला त्यानं पुढे केलेला हात तू घेतला नाहीस. मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते.

सोळा वर्षं मी एकच घोकत आलो, मोडक्या बोटानं गोल राखता येत नाही. शनिवारी मी राखला. म्हणजे तूही राखला असतास.

तीस मेला क्लबनं माझा निरोपाचा सामना ठेवलाय. मी एकच अट घातली, पहिला अर्धा वेळ गोलमध्ये नेव्हिल. "त्रेचाळीसचा झाला की तो!" साहेब म्हणाले. "रांगेत माझ्या आधी तोच आहे," मी म्हटलं. अल्बर्टनं तुझी हिरवी, एक नंबरची जर्सी धुऊन ठेवलीय. तू येशील का, हे त्यानं विचारलं नाही. मलाही माहीत नाही.

ये. मला थोबाडीत मारायची असेल तर मार, पण आधी अल्बर्टचा हात हातात घे. आई तुझ्या गोलमागे उभी राहील. मी बाकावर बसेन, आणि तुला मध्यंतरात बाहेर यायचं नसेल तर पूर्ण वेळ तिथेच बसेन.

तुझा राखीव,
क्लाइव्ह