आठ रूम, अठ्ठेचाळीस माणसं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नवी डायरी. नियम एकच: खरं लिहायचं.
पुण्याहून मोनिका मॅडमचा फोन. मॅडम आमच्या दूध कंपनीच्या ट्रेनिंग हेड. २० तारखेला लाइव्ह ऑनलाइन ट्रेनिंग घ्यायचं. विषय: दगडी, म्हणजे गाईच्या कासेचा आजार, वेळेत कसा ओळखावा. आठ गावं, अठ्ठेचाळीस शेतकरी. ब्रेकआउट रूम करून गटचर्चा झालीच पाहिजे, मॅडम स्वतः बघायला बसणार.
माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय. सेशन जमलं तर सिनियर ट्रेनर म्हणून कायम. नाही जमलं तर खुदा हाफिज.
बायकोला, अंजुमला म्हटलं, परवेझ इनामदार कायम झालाच समज. ती म्हणाली, आधी ऑर्डर हातात येऊ द्या. या बाईला उमेद म्हणून नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
यादी आली. प्रत्येक गावाची सहा नावं, पण सहाही नावांपुढे एकच मोबाईल नंबर. टाइप करणाऱ्याचा आळस! असल्या लोकांमुळे देश मागे आहे. दुर्लक्ष केलं.
मुख्य काम: रूमची नावं. रूम एक, रूम दोन ही काय नावं झाली? मी गाईंच्या जातींची दिली. खिल्लार, गीर, डांगी, देवणी, साहिवाल, राठी, थारपारकर, लाल कंधारी. ठरवण्यात नागापूरच्या ऑफिसातला अख्खा दिवस गेला. गेला तर गेला, मॅडम खूश होणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार
वाटपाचा चार्ट तयार. चार रंग. तत्त्व: एका गावाची दोन माणसं एका रूममध्ये नकोत. राहुरीचा माणूस घोडेगावच्या माणसाशी बोलला पाहिजे.
घोडेगाव नाजूक. दूध संकलन सेंटर चालवणारा गोरक्ष आणि त्याचा चुलतभाऊ ज्ञानेश्वर बांधावरून तीन वर्षं बोलत नाहीत. म्हणून गोरक्ष खिल्लारमध्ये, ज्ञानेश्वर थारपारकरमध्ये. मॅडम गीरमध्ये, राहुरीच्या शिकलेल्या माणसासोबत.
मनकर्णाबाई लाल कंधारीत. ही बाई घोडेगावच्याच सेंटरवर कॅन धुते, घरी दोन गाई. गेल्या वर्षी भर ट्रेनिंगमध्ये मला विचारलं होतं, सर, तुमी कधी गाईखाली बसला का? असली माणसं शेवटच्या रूममध्येच बरी.
अंजुमनं चार्ट पाहिला. म्हणाली, यांच्याकडे सहा मोबाईल आहेत का पण? म्हटलं, हल्ली शेळीच्या गळ्यातसुद्धा मोबाईल असतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
घरी रंगीत तालीम. अंजुम गीरमध्ये (स्वयंपाकघरात), मेहुणी मुबश्शिरा डांगीत (तिच्या घरी, मुकुंदनगरला). पाठवायचं बटण लगेच सापडलं. परत आणायचं सापडलं नाही. मुबश्शिरा तासभर डांगीत एकटीच बसली. आता फोन उचलत नाही.
तालीम नव्वद टक्के यशस्वी. उरलेल्या दहा टक्क्यांत नेटवर्कचा दोष.

१९ फेब्रुवारी, बुधवार
जेवण गेलं नाही. भाजी खारट असावी.
संध्याकाळी गोरक्षचा फोन. मी चार्ट पाठ करत होतो. तो सेंटरचं, टीव्हीचं काहीतरी सांगत होता. सर, समदी येवस्था केलीय, तुमी काळजीच करू नका. व्हय व्हय म्हणून ठेवला.
संकल्प: उद्या घाबरायचं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी १०.४०
इस्त्रीचा शर्ट. चार्ट भिंतीवर. बत्तीस स्लाइड तयार. अंजुमनं पाठीवर हात ठेवला, म्हणाली, होईल. खाली गेली.

११.०४
अठ्ठेचाळीस यायला हवेत. मॅडम सोडून आलेत आठ.

११.०७
अजून आठच.

११.०९
गोरक्षचा कॅमेरा चालू झाला. एका मोबाईलपुढे सहा डोकी! गोरक्ष ओरडला, सर, समदे हाय बरं का! ह्यो ज्ञानेश्वरबी हाय. दोघं शत्रू एका बाकावर मांडीला मांडी लावून. बाकीच्या सात गावांतही तेच. गाव सेंटरवर जमलंय, एक मोबाईल टीव्हीला जोडलाय आणि चहा चाललाय.
यादीतला नंबर बरोबर होता.

११.१२
मॅडमचा मेसेज: रूम कधी उघडताय? चार्टप्रमाणे घोडेगावची सहा माणसं सहा रूममध्ये जायची आहेत. एक मोबाईल सहा ठिकाणी कसा पाठवू? या अल्ला.

११.१५
डोळे मिटले आणि आपोआप वाटपाचं बटण दाबलं. आठ मोबाईल, आठ रूम. गाव जसंच्या तसं एकेका रूममध्ये गेलं. मॅडमही गेल्या. कुठे? लाल कंधारी. घोडेगावबरोबर.

११.२१
मुख्य रूममध्ये मी एकटा. स्क्रीनभर माझंच तोंड. वेळ तीस मिनिटांची लावलीय.
ट्रेनरनं लगेच रूममध्ये डोकावू नये, गटाला मोकळं सोडावं, असं शास्त्र आहे.
(खरं लिहायचं हा नियम आहे म्हणून: मॅडम आहेत तिथे जायची हिंमत होत नाही.)

११.३४
अजून एकटा. गुड मॉर्निंग म्हणून पाहिलं, आवाज नीट जातोय. ऐकायला कोणी नाही.

११.४६
सगळे परत. मॅडम हसतायत. कशाला हसतायत?

दुपारी २
मॅडमनी मला थांबवलं, म्हणाल्या, इनामदार, एक मिनिट, आधी मनकर्णाबाईंना बोलू द्या. ते एक मिनिट पाऊण तास चाललं.
लाल कंधारीत घडलं ते असं. गोरक्ष आजाराची माहिती कागदावरून वाचत होता. बाई उठल्या, टीव्हीची वायर उपटली, मोबाईल घेऊन थेट मागच्या गोठ्यात. गोरक्षच्या सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईखाली बसल्या. तपासणीच्या ताटलीचे चार खण, चार सडांच्या चार धारा, वर औषधाचे थेंब. तीन खण पातळ राहिले. चौथा घट्ट, चिकट, म्हणजे त्या सडात दगडीची सुरुवात.
गोरक्ष म्हणाला, माझ्या गाईला काय बी न्हाई झालेलं, कास तरी सुजलीय का? बाई म्हणाल्या, दादा, सुजल्यावर आंधळ्यालाबी कळतं. ह्या सडाचं दूध आजपासून कॅनमधी न्हाई. मग ज्ञानेश्वर म्हणाला, डॉक्टरला मी फोन लावतो. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला म्हणे.
आठही गावांनी बाईंना प्रश्न विचारले. मला एकानं विचारला: सर, रेकॉर्डिंग मिळंल का? रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलंच नव्हतं.
बत्तीस स्लाइड तशाच राहिल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
शांतपणे विचार केला. गावं न मिसळणं हा माझा धाडसी निर्णय होता. मॅडमना योग्य रूममध्ये पाठवणं हाही. मी मध्ये लुडबुड केली असती तर बाई उठल्या असत्या का? सेशन शंभर टक्के यशस्वी, आणि सेशन कोणाचं? माझं.
अंजुमला हे सगळं समजावलं. तिनं न मागता दुसरा चहा दिला. पटलं असावं.
ऑर्डर सोमवारी. नवा शर्ट शिवायला टाकला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ११
मेल आला. दोनदा वाचला. मार्चपासून दगडीचं ट्रेनिंग मनकर्णाबाई घेणार, जिल्ह्याच्या सगळ्या बॅचेस. माझं कॉन्ट्रॅक्ट तीन महिने वाढवलंय. पदनाम: ब्रेकआउट रूम सपोर्ट. रूम उघडायच्या, बंद करायच्या. खाली मॅडमची ओळ: बाईंना तांत्रिक मदत लागेल, फक्त तेवढ्यासाठी तुम्हाला ठेवतोय.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बारा वर्षं दगडी शिकवतोय आणि एकदाही गाईखाली बसलो नाही, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

दुपारी ४
सावरलो. सपोर्ट म्हणजे कणाच की. रूमशिवाय ट्रेनिंग नाही, माझ्याशिवाय रूम नाही. तीन महिन्यांचे सहा होतील, सहाचं कायम. नवा चार्ट काढायला घेतला. यावेळी पाच रंग.

संध्याकाळी ५.३०
मनकर्णाबाईंचा फोन. मॅडमनी त्यांना कळवलंय. आधी घाबरल्या होत्या. सर, माझ्याच्यानी व्हईल का? म्हटलं, होईल बाई, मी आहे ना. त्यांना बरं वाटलं. मग म्हणाल्या, सर, एक इनंती हाय. ते रूमबिम काय नगं. समद्यांना येकाच जागी ऱ्हाऊ द्या, मी गाय दावते.
बरं म्हणालो.
मॅडमना अजून कळवलेलं नाही.